पाथर्डीच्या नसरीनचा पहिला ठोसा

फेब्रुवारीत मी पाथर्डीला निघाले तेव्हा शेजारच्या वैद्यवहिनींनी गडग्यापलीकडून विचारलं, "देवाला का?"

"नाही हो. मारामारी बघायला."

वहिनी हसल्या. मी हसत नाही असं पाहून त्यांनी हातातली झावळी खाली ठेवली. "कोणाची?"

हे उत्तर गडग्यावरून देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे देते.

माझी मुलगी मुग्धा पुण्याला शिकायला गेली आणि अभ्यासाबरोबर जिउ-जित्सू शिकून आली. हा आपल्या कुस्तीचा कुठलासा लांबचा भाऊ. ह्यात ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला जमिनीवर घ्यायचं आणि त्याचा हात, पाय किंवा गळा अशा बेताने धरायचा, की त्याने आपणहून हार मानावी. राज्यस्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पाथर्डीच्या एका किरकोळ दिसणाऱ्या मुलीने मुग्धाच्याच अंगरख्याच्या कॉलरने मुग्धाचा गळा आवळला. प्रेक्षकांत उभी राहून मी तेव्हा जे ओरडले, ते छापण्यासारखं नाही. थोड्या वेळाने खाली जाऊन बघते, तर दोघी पायरीवर बसून एका डब्यात जेवत होत्या. डबा मी केलेला होता.

ती नसरीन. पुढे तिने देशपातळीवर सुवर्णपदक मिळवलं. मधल्या काळात सुट्टीत ती आमच्याकडे चिपळूणला येऊन राहिली. मी कौतुकाने केलेलं पेडव्यांचं कालवण तिने बराच वेळ निरखलं आणि "काकू, ह्याच्यात माशापरीस काटंच लई" असं म्हणून आमटीभातावर समाधान मानलं. तरी ती मला आवडते. म्हणजे बघा.

गेल्या वर्षी तिने जिउ-जित्सू सोडून पिंजऱ्यात उतरायचं ठरवलं. एमएमए म्हणतात त्याला. जाळीच्या पिंजऱ्यात दोघींना सोडतात, आणि ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं. का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, मी कशात चॅम्पियन हाय हे सांगायच्या आधी मला जिउ-जित्सू म्हंजी काय ते सांगावं लागतं. तवर ऐकनारा निघून जातो. पिंजरा कुनाला बी कळतो." पहिल्या दोन्ही लढती ती हरली. तिसरी नगरला होती. "तुमी या," ती म्हणाली. "अम्मी पन येनार हाय."

म्हणून मुग्धाला घेऊन मी निघाले.

करंजी घाट

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. पाट्यांवर अहिल्यानगर असतं आणि कंडक्टरच्या तोंडी नगर, आणि दोन्हीकडे गाडी थांबते. नगरच्या पुढे मुग्धा म्हणाली, "आई, करंजी घाट लागला." मी खिडकीतून घाट शोधेपर्यंत तो संपला. कुंभार्ली घाट चढून आलेल्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. पण घाटापलीकडे जे उघडलं ते मी खिडकीला नाक लावून बघितलं. आमच्याकडे आभाळ माडांच्या फटीतून बघावं लागतं, इथे ते जमिनीपासूनच सुरू होतं. उघडे डोंगर, मधूनच बाभळी, पिवळं पडलेलं गवत. गावंही निवांत, कारण अर्धी माणसं ऊसतोडीला गेलेली. दारांना कड्या आणि ओट्यावर म्हातारी माणसं.

पाथर्डीच्या अलीकडे, डोक्यावर ऊन चढलेलं असताना, रस्त्याच्या कडेने एक माणूस रेनकोट घालून पळत होता. डोक्यावर टोपी, चेन गळ्यापर्यंत लावलेली.

"बिचारा," मी म्हटलं.

"ती नसरीन आहे," मुग्धा म्हणाली.

झालं होतं असं, की लढत ज्या वजनगटात होती त्याहून नसरीन थोडी जड भरत होती. घाम काढून वजन उतरवायला तिने रेनकोट चढवला होता. गावाला त्याची सवय झालेली दिसली. आम्ही स्टँडवर उतरलो तेव्हा ती मागून पळत आलीच, आणि टपरीवाल्याने चहा गाळता गाळता विचारलं, "नसरीन, तिकडं पाऊस किती हाय गं?"

"लई झाला, काका!" ती थांबता थांबता ओरडली. "पेरून घ्या!"

गाद्यांचं घर

नसरीनचे वडील युनूसभाई गाद्या करतात. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये कापूस पिंजायचं मशीन. लग्नसराई असल्यामुळे दुकानात गाद्यांची थप्पी छताला लागलेली. मी आत पाऊल टाकलं आणि शिंकायला लागले. युनूसभाईंनी मशीन बंद केलं, मला बसायला गादी दिली, गादीतून पुन्हा कापूस उडाला आणि मी पुन्हा शिंकले. आमची ओळख अशी झाली.

नसरीन ह्याच गाद्यांवर शिकली. नगरला मावशीकडे राहून ती कॉलेज करत होती, तेव्हा साळवे सर नावाच्या शिक्षकांनी एका शेडमध्ये जिउ-जित्सूचा वर्ग सुरू केला. त्यांच्याकडे मॅट नव्हती. युनूसभाईंनी टेम्पोत घालून गाद्या पाठवल्या. "पोरी पडल्या तर मऊ पडाव्या, एवढाच इचार," ते म्हणाले. "ही चॅम्पियन व्हईल म्हनून न्हाई दिल्या. तसं वाटलं असतं तर जरा चांगला कापूस घातला असता."

मी नसरीनला विचारलं, नुसतं धरून माणूस हरतो कसा?

"धरा मला, काकू."

मी तिचं मनगट धरलं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी एका कोऱ्या गादीवर उताणी होते, माझा एक हात तिच्या दोन पायांच्या मध्ये सरळ ताणलेला होता आणि तिने कंबर फक्त किंचित वर उचलली.

"सोड! अगं सोड, मेले!"

"ओरडायचं न्हाई, काकू. थाप मारायची."

"कुठे?"

"कुठं बी. गादीवर, माझ्या पायावर."

मी मोकळ्या हाताने थाप मारली. त्याच क्षणी माझा हात सुटला.

"बास, एवढंच," ती म्हणाली. "थाप पडली की सोडायचं. म्हंजी ती हरली."

"आणि कोणी थाप मारलीच नाही तर?"

"मारतेत सगळे. कोपर सगळ्यांनाच प्यारं असतं."

युनूसभाईंनी ती गादी झटकली. "बोधेगावच्या नवरीची हाय," ते म्हणाले. "तिच्या आधी तुमीच झोपून घेतलं."

संध्याकाळी हाजराभाभींनी, म्हणजे नसरीनच्या आईने, आम्हाला बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा आणि हुलग्याचे शेंगोळे वाढले. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात. इथे म्हणत नाहीत, वाढतात. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूने वाढतात. नसरीन समोर भिंतीला टेकून काकडी खात बसली होती आणि माझ्या प्रत्येक घासाबरोबर तिची मान माझ्या ताटापासून तोंडापर्यंत फिरत होती. मला घास गिळवेना.

"खा की काकू," ती म्हणाली. "नळी फोडा ती. मला नुसता आवाज ऐकू द्या."

जेवणं झाल्यावर मी चुलीपाशी हाजराभाभींजवळ बसले. बाई उंच, बोलणं कमी, डोक्यावरचा पदर जागचा हलत नाही.

"ताई, मी तिला तीन कुस्त्या बोलले," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी सगळं कुस्तीच. "तीनात एक बी जिकली न्हाई तर बास करायचं. हितल्या शाळंत खेळाची बाई पायजे हाय, तिथं लागायचं. हात मोडला तर प्लास्टर हुतं. तोंडाचं काय करायचं? पोरीची जात हाय."

"पहिल्या दोन बघितल्यात तुम्ही?"

"न्हाई. कशाला बघू?"

"मग ही कशी बघणार?"

त्यांनी राखेत पाणी शिंपडलं. "नगरला हाय म्हनून चालले. इतक्या जवळ लेकीला मारतेत अन् आई घरात बसली, असं कुनी म्हनाया नको."

सॉरी

दुसऱ्या दिवशी साळवे सर मोटरसायकलवर आले. एमआयडीसीतली नोकरी सांभाळून ते शिकवतात. हा गृहस्थ मारामारी शिकवतो ह्यावर माझा विश्वास बसेना. दुकानात शिरताना चपला जुळवून ठेवणारा, पाणी दिलं तर थँक्यू म्हणणारा माणूस.

"मॅडम, हिला दोन खोडी आहेत," ते मला हळूच म्हणाले, जणू नसरीनला ऐकू गेलं तर वाईट वाटेल. "एक म्हणजे मार पडायला लागला की ही आपणहून खाली बसते. जिउ-जित्सूत ते बरोबरच आहे, पाठीवर पडूनच ही जिंकायची. पण पिंजऱ्यात तुम्ही खाली बसलात, की वरची ठोसे घालते. दुसरी खोड तुम्हीच बघा."

मागच्या अंगणात मुग्धाने हातात जाड पॅड धरली. नसरीनने ठोसा मारला. पॅडचा आवाज झाला, आणि मागोमाग दुसरा आवाज.

"सॉरी."

"नसरीन!" साळवे सर कळवळून म्हणाले.

"सॉरी, सर."

पहिल्या लढतीतही तिने पहिला ठोसा मारून सॉरी म्हटलं होतं. समोरची मुलगी हसली आणि मग तिने नसरीनला मनसोक्त धुतलं. युनूसभाई मोठ्या अभिमानाने म्हणाले, "माझ्यावर गेली हाय." घरातून आवाज आला, "तुमचं तोंड शाबूत हाय म्हनून बोलताय."

दुपारी नसरीन ओठ ओले करण्यापुरतं पाणी घेऊन ओट्यावर बसली होती. मी तिला विचारलं, गळा आवळताना तुला काही वाटत नाही, मग ठोशाचंच काय एवढं?

"काकू, धरलं की मानूस आपल्या हातात असतं. त्याला किती दुखतंय ते आपल्याला कळतं. पायजे तवा सोडता येतं. ठोसा एकदा सुटला की आपला ऱ्हात न्हाई."

मी पिशवीतून कोकमाची बाटली काढली होती, तिला द्यायला. तिने वजनाच्या भीतीने तीही परत केली.

नगरचं मंगल कार्यालय

लढती एका मंगल कार्यालयात होत्या. वजन आदल्या दिवशीच झालं होतं, ते गटात बसलं, आणि त्यानंतर नसरीन पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली तेव्हा युनूसभाईंनी तोंड फिरवून घेतलं होतं. पंगती बसतात तिथे पिंजरा उभा केलेला. दारावर आधीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच, "शुभविवाह". खुर्च्यांना सॅटिनच्या पांढऱ्या झालरी. मागच्या स्वयंपाकघरातून जिलबीचा वास येत होता. मी आणि हाजराभाभी पुढच्या रांगेत, वरमायांच्या जागी बसलो. मुग्धा आणि साळवे सर नसरीनच्या कोपऱ्यात.

निवेदकाने "पाथर्डीची वाघीण!" असं ओरडल्यावर वाघीण आत आली आणि तिने चारी दिशांना वाकून सलाम केला. समोर सांगलीची प्रीती. उंच, केसांच्या घट्ट वेण्या घातलेली, आणि सलाम वगैरेच्या भानगडीत न पडणारी.

पहिल्या फेरीत प्रीतीने ठोसा मारला. नसरीनची मान मागे गेली. दुसरा बसला, आणि नसरीन खाली बसली.

"ही खाली का बसली?" हाजराभाभींनी मला विचारलं.

"तो डाव आहे, भाभी."

"कसला डाव? ती वरून हानतीय की!"

नसरीन पाठीवर पडून प्रीतीचा हात धरायला बघत होती, आणि प्रीती हात देत नव्हती, फक्त मूठ देत होती. हाजराभाभींनी माझा दंड धरला होता. मला वाटलं त्या आता उठून बाहेर जातील. घंटा झाली आणि त्या खरंच उठल्या, पण सरळ पिंजऱ्याकडे चालायला लागल्या. गळ्यात बिल्ला घातलेला एक माणूस आडवा आला. "मावशी, मागं व्हा."

"माझी हाय ती."

तो बाजूला झाला. हाजराभाभींनी जाळीला दोन्ही हात लावले.

"नसरीन! पाहुनी आलीस काय गं? सारखी बसतीस ती! उभी ऱ्हा!"

"एवढे दिवस मी हेच सांगतोय," साळवे सर पाण्याची बाटली धरून म्हणाले.

नसरीनचा ओठ सुजला होता, दात लाल झाले होते. त्या तोंडाने ती हसली.

दुसऱ्या फेरीत ती बसली नाही. प्रीती पुढे आली, नसरीन मागे सरली, पुन्हा मागे सरली, आणि मग तिचा उजवा हात गेला. परातीत कणकेचा गोळा आपटावा तसा आवाज झाला. प्रीतीचं नाक. नसरीनचं तोंड उघडलं. साळवे सरांनी डोळे मिटले, मुग्धाने ओठ चावला. आता ही सॉरी म्हणणार.

म्हणाली नाही. तिने दुसरा मारला.

प्रीती गोंधळली, तेवढ्यात नसरीनने तिची कंबर धरून तिला खाली घेतलं. खाली गेल्यावर मग सगळं तिच्या घरचंच होतं. बघता बघता प्रीतीचा हात तिच्या पायांमध्ये सरळ झाला. नसरीनची कंबर वर उचलली गेली. ते कसं लागतं हे त्या सभागृहात निदान मला तरी माहीत होतं, आणि मी खुर्चीत बसल्या जागी थाप मारली.

प्रीतीने मारली नाही. तिचा चेहरा लाल झाला, डोळे घट्ट मिटले, मोकळा हात मूठ आवळून तसाच राहिला. झालरीच्या खुर्च्यांवरचे पुरुष उभे राहून ओरडायला लागले, "मोड! मोड तिचा!" नसरीनने मान वळवून पंचाकडे पाहिलं. पंच दुसऱ्या बाजूने वाकून बघत होते. तिने पुन्हा प्रीतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मग तिची कंबर खाली आली. थोडीशीच, पण तेवढं पुरलं. प्रीतीने हात ओढून घेतला, उलटली आणि वर चढली.

साळवे सरांनी डोक्याला हात लावला.

तिसऱ्या फेरीत दोघी शेवटच्या पंगतीला वाढणाऱ्या बायकांसारख्या दमल्या होत्या. मारलेला ठोसा आणि टेकलेला हात ह्यात फरक राहिला नव्हता. शेवटी पंचांनी दोघींची मनगटं धरली, निवेदकाने उगाच ताणून धरलं, आणि प्रीतीचा हात वर गेला. डावा. उजवा तिला वर नेता येत नव्हता.

वधूपक्ष

खेळाडूंची खोली म्हणजे दारावर "वधूपक्ष" लिहिलेली खोली. नसरीन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि हाजराभाभी रुमालात बर्फ घेऊन तिच्या ओठाला लावत होत्या. मुग्धा तिच्या हाताच्या पट्ट्या सोडवत होती. मला थट्टा सुचेना, आणि मला ती सुचत नाही असं फार क्वचित होतं.

"अम्मी, तिसरी झाली," नसरीन म्हणाली.

हाजराभाभी काही बोलायच्या आत दार ढकलून प्रीती आली. कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली, नाकात कापूस.

"हात का सोडलास?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

"मोडला असता."

"मोडू द्यायचा होतास. मी थाप मारणार नव्हते."

"ते दिसलं मला. म्हनून सोडला."

प्रीतीला राग आला होता की काय, ते मला कळेना. बहुतेक तिलाही कळत नव्हतं. मग ती बाकावर बसली.

"सांगलीला ये," ती म्हणाली. "महिनाभर राहा आमच्याकडं. हे धरायचं मला शिकव, मी तुला मारायचं शिकवते." तिने नाकाला हात लावून बघितला. "उजवा चांगला आहे तुझा. उशिरा येतो, पण चांगला आहे."

नसरीनने आईकडे पाहिलं. मग साळवे सरांनी पाहिलं, मुग्धाने पाहिलं, मीही पाहिलं. दारात उभे असलेले युनूसभाई खाकरले. "पन तू तीन..."

"तुमी गप बसा," हाजराभाभी म्हणाल्या. बर्फ वितळून त्यांच्या मनगटावरून ओघळत होता. त्यांनी रुमालाची घडी उलटी केली आणि प्रीतीला विचारलं, "तुझी आई न्हाई का आली?"

"नाही. तिला बघवत नाही."

"कुनाला बघवतंय?" त्या म्हणाल्या. "पुढच्या येळंला तिला घिऊन ये. मी बसते तिच्याजवळ."

नसरीनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. साळवे सर बाहेर जाऊन उगाच मोटरसायकल पुसायला लागले.

चिपळूण

परत आल्यावर वैद्यवहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "जिंकली का?" हरली म्हटल्यावर त्यांना वाटलं, माझी फेरी फुकट गेली. मी त्यांना जिलबीचं सांगितलं. बाकीचं गडग्यावरून सांगणं कठीण.

नसरीन महिन्याची म्हणून सांगलीला गेली आणि तीन महिने राहिली. शाळेतली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. पुढची लढत कोल्हापुरात झाली. तिथे प्रीती आणि नसरीन दोघीही उतरल्या, वेगवेगळ्या मुलींविरुद्ध. मला जाता आलं नाही, गुडघ्यांनी संप केला होता. संध्याकाळी हाजराभाभींचा फोन आला. नसरीन दुसऱ्या फेरीत जिंकली होती. एवढं एका वाक्यात सांगून त्या ज्यासाठी फोन केला होता त्याकडे वळल्या.

"प्रीतीची आई आल्ती, ताई. लई भित्री बाई. प्रीतीची कुस्ती सुरू झाली अन् हिनं पदर तोंडावर घिऊन डोळं मिटलं. मी हात धरून बसले तिचा."

"पूर्ण वेळ मिटलेलेच?"

"न्हाई ओ," हाजराभाभी म्हणाल्या. "मधी मीच हलवलं तिला. म्हनलं, बाई, उघडा आता. आता तुमची हानतीय."